माझ्याकडे पास होणारी टेस्ट

गिक्स ह्या सॉफ्टवेअर बसवणाऱ्या साधनातला माझा पहिला पॅच, म्हणजे कोडमधला बदल, दोन ओळींचा असायला हवा होता. आवृत्तीचा आकडा बदलायचा, नव्या सोर्सचा हॅश, म्हणजे मजकुरातून काढलेला ठसा, टाकायचा, संपलं. प्रत्यक्षात तो आत जायला पाच आठवडे लागले, आणि त्यातले चार तरी माझ्याकडे व्यवस्थित पास होणाऱ्या एका टेस्टने खाल्ले.

पॅच ज्या पॅकेजचा, ते म्हणजे एक छोटंसं टूल. मजकुराच्या फायलींनी भरलेलं फोल्डर त्याला दाखवलं की शीर्षकं वेचून अनुक्रमणिका करून देतं. पायथनमध्ये लिहिलेलं, लेखक एकटाच. नाव सांगत नाही, कारण पुढे जी चूक सांगणार आहे ती कुणाच्याही हातून होते. हे टूल मी रोज वापरते. नव्या आवृत्तीत मला हवी असलेली एक सोय आली होती, पण गिक्समध्ये जुनीच आवृत्ती पडून होती. कोणीतरी अपडेट करेल म्हणून दोन महिने वाट पाहिली. मग डोक्यात उजेड पडला की हे टूल वापरणारी इथे बहुधा मी एकटीच आहे, तेव्हा ते 'कोणीतरी' मीच.

ज्यांनी गिक्स पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी एवढंच: हा ग्नू ह्या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पातला पॅकेज मॅनेजर, लुडोविक कोर्तेस यांनी २०१२ मध्ये सुरू केलेला. मूळ कल्पना निक्सची, म्हणजे एल्को डोल्स्ट्रा यांनी २००६ मध्ये उट्रेख्त विद्यापीठातल्या पीएचडी प्रबंधात मांडलेली. पॅकेज तयार करणं हे गणितातल्या फंक्शनसारखं असावं, आत तेच घातलं की बाहेर तेच यावं. म्हणून प्रत्येक पॅकेजच्या फोल्डरच्या नावात ३२ अक्षरांचा हॅश असतो, आणि त्यात सोर्स, कंपायलर, पर्याय, अवलंबून असलेली बाकी पॅकेजेस, सगळ्यांचा हिशेब येतो. पॅकेज कसं बांधायचं त्याची रेसिपी स्कीम भाषेत लिहायची. बिल्ड, म्हणजे सोर्सपासून पॅकेज बांधणं, होतं ते कडीकुलपात: नेटवर्क नाही, तुमचं होम फोल्डर नाही. होमच्या जागी 'होमलेस-शेल्टर' नावाचा, अस्तित्वातच नसलेला पत्ता दिलेला असतो. हा विनोद ज्याला सुचला त्याला माझा नमस्कार.

एवढा बंदोबस्त असल्यावर एका मशीनवर झालेलं बिल्ड दुसऱ्या मशीनवर होणारच, असं मी धरून चालले होते.

पॅच तयार करण्यात एक संध्याकाळ गेली. खरं काम दहा मिनिटांचं, बाकी वेळ कमिटचा, म्हणजे नोंदवलेल्या बदलाचा, संदेश त्यांच्या पद्धतीने लिहिण्यात. पहिल्या ओळीत ग्नू, मग पॅकेजचं नाव, मग काय केलं ते, आणि खाली कोणत्या फाईलमध्ये कोणत्या व्हेरिएबलला हात लावला त्याची नोंद. पूर्णविरामसुद्धा ठरलेला. तेव्हा पॅच ईमेलने जायचे, २०२५ मध्ये सगळा कारभार कोडबर्ग ह्या कोड ठेवायच्या संकेतस्थळावर गेला. पाठवण्याआधी लिंट (रेसिपीतल्या चुका दाखवणारी आज्ञा) चालवलं, ते गप्प राहिलं. ह्या पॅकेजवर आणखी कोणती अवलंबून आहेत तेही तपासलं. एकही नव्हतं. म्हणजे बिघडलं तरी माझंच बिघडणार.

दोन दिवसांनी पॅच तपासणाऱ्याचं उत्तर आलं. आधी आभार. मग एक सूचना: सोर्स लेखकाने बनवलेल्या टारबॉलमधून, म्हणजे फायलींच्या गठ्ठ्यातून, घेऊ नकोस, कोडचा इतिहास ठेवणाऱ्या गिटमधल्या टॅगवरून घे. (इंग्रजीत सगळ्यांना एकच 'यू'. मराठीत सांगताना मी अरे-तुरे करतेय, तिकडे कोणी अरेरावी केली असं समजू नका.) कारण विचारायची गरज नव्हती. २०२४ च्या मार्चमध्ये एक्सझेड ह्या फायली आवळणाऱ्या टूलचं प्रकरण उघडकीला आलं, तेव्हा ५.६.० आणि ५.६.१ ह्या आवृत्त्यांचे टारबॉल आणि गिटमधला कोड ह्यांत फरक निघाला होता. चोरदरवाजा उघडणारी बिल्डची स्क्रिप्ट फक्त टारबॉलमध्ये होती, आणि तिने उलगडायचा माल टेस्टसाठीच्या फायली म्हणून लपवलेला. आंद्रेस फ्रॉइंड ह्या प्रोग्रामरना एसएसएच लॉगिनला, म्हणजे दूरच्या मशीनवर शिरायला, अर्धा सेकंद जास्त का लागतोय असा प्रश्न पडला, म्हणून ते सापडलं. तेव्हापासून टारबॉल म्हटलं की लोकांच्या कपाळाला आठी पडते.

उत्तराच्या शेवटी आणखी एक ओळ होती. "बाकी ठीक, पण एक टेस्ट माझ्याकडे पडतेय. लॉग जोडलाय."

मी पुन्हा बिल्ड केलं. पास. 'चेक' पर्याय लावून केलं, म्हणजे आधीचा निकाल बाजूला ठेवून नव्याने बांधायचं आणि दोन्ही बिट-बिट जुळवायचे. तंतोतंत जुळले. पाच फेऱ्या लावून केलं, पाचही सारख्या. आणि मग मी ते वाक्य लिहिलं जे आजवर हजारो लोकांनी लिहिलंय: माझ्याकडे तर पास होतेय.

आता मागे वळून पाहताना त्या वाक्याची लाज वाटते. त्यातून समोरच्याला माहिती शून्य मिळते आणि 'तुझंच काहीतरी चुकतंय' एवढा सूर मात्र पोचतो. त्याने तो सूर ऐकला नाही, किंवा ऐकून सोडून दिला. उलट दोन प्रश्न विचारले: 'गिक्स डिस्क्राइब' काय दाखवतं, आणि मशीनच्या प्रोसेसरचे कोअर किती.

पहिल्या प्रश्नाचं महत्त्व मला तेव्हा कळलं. 'डिस्क्राइब' तुमच्या गिक्सचा नेमका कमिट सांगतं. तो घेऊन त्याने 'टाइम-मशीन' आज्ञेने स्वतःचं गिक्स माझ्या कमिटवर आणलं, त्यावर माझा पॅच लावला आणि बिल्ड केलं. आता त्याच्याकडचा पायथन आणि माझ्याकडचा पायथन एकच, सी लायब्ररी एकच, पायथन ज्या कंपायलरने बांधला तोही एकच. आम्ही एकमेकांना कधी पाहिलेलं नाही, तरी दोघांच्या स्टोअरमधला, म्हणजे पॅकेजेस राहतात त्या फोल्डरातला, हॅश अक्षरशः जुळत होता. एरवी अशा भांडणातले पहिले तीन दिवस 'तुझी अमुक लायब्ररी कोणती, माझी कोणती' ह्यातच जातात. इथे ते एका आज्ञेत मिटलं. आणि टेस्ट त्याच्याकडे पडत राहिली, माझ्याकडे पास होत राहिली.

ह्या टप्प्यावर मी टेस्ट बंद करायचं सुचवलं. रेसिपीत एक ओळ घातली की झालं. तशा ओळी इतर रेसिप्यांमध्ये पाहिलेल्या होत्याच. मला वाटलं, मी समंजसपणा दाखवतेय.

"करता येईल," त्याने लिहिलं, "पण का पडते ते कळल्यावर करू."

मी वैतागले. ज्यावर दुसरं काहीच अवलंबून नाही अशा चिमुकल्या टूलसाठी एवढी उठाठेव? दोन दिवस उत्तर दिलं नाही. तिसऱ्या दिवशी पाहिलं तर मी गप्प असताना आणखी एक बाई संभाषणात आल्या होत्या. त्यांच्याकडे एआरएम प्रोसेसरचे दोन छोटे बोर्ड होते, एकाच बनावटीचे, एकत्रच घेतलेले. दोन्हींवर त्यांनी आपणहून बिल्ड लावलं होतं. एकावर टेस्ट पास, दुसऱ्यावर नापास.

ह्या एका वाक्याने सगळे अंदाज आडवे केले. प्रोसेसरच्या जातीचा प्रश्न म्हणावा तर दोन्ही बोर्ड एकाच जातीचे. कोअरचा म्हणावा तर दोन्हींवर तेवढेच. कर्नलही तोच. बाईंना वाटलं, दुसऱ्या बोर्डाचं मेमरी कार्ड मरायला टेकलंय. त्यांनी रात्रभर त्याची तपासणी चालवली. कार्ड ठणठणीत निघालं. परक्या बाईच्या फालतू पॅकेजसाठी कोणी रात्रभर कार्ड तपासत बसतं, हे वाचल्यावर माझा वैताग कुठल्या कुठे गेला. म्हटलं, आता आपणही नीट बसायला हवं.

बसले म्हणजे काय, दोन लॉग शेजारी शेजारी उघडले. माझा आणि तपासणाऱ्याचा. टूल प्रत्येक फाईल उघडताना एक ओळ छापतं, अमुक फाईल वाचतोय. माझ्या लॉगमध्ये आधी पहिली, मग दुसरी, मग तिसरी. त्याच्या लॉगमध्ये दुसरी, तिसरी, पहिली. हे मी पहिल्याच दिवशी पाहिलं होतं! टेस्टा समांतर चालतात, ओळी पुढेमागे होणारच, असं म्हणून सोडून दिलं होतं. पण मधल्या काळात कोअरचा संशय फेडायला आम्ही दोघांनी एकच कोअर देऊन बिल्ड केलं होतं आणि हे लॉग त्या बिल्डचे होते. समांतर काही नव्हतंच. मग क्रम बदलला कुणी?

टूलचा कोड उघडला. फोल्डर फिरायला पायथनचं 'ओएस.वॉक' वापरलेलं. ते आतून ज्या यादीवर चालतं तिला ठरावीक क्रम नसतो. पायथनच्या दस्तऐवजात तसं स्वच्छ लिहिलंय आणि मी ते पूर्वी कधीतरी वाचलंही असेल. फाईल सिस्टिम, म्हणजे फायली मांडून ठेवणारी व्यवस्था, ज्या क्रमाने नावं देईल तो क्रम. आणि प्रत्येक फाईल सिस्टिमची तऱ्हा निराळी. बिल्ड जिथे होतं ते माझं टेम्प फोल्डर मेमरीत आहे, टेम्पएफएसवर. तिथे फायली ज्या क्रमाने बनल्या त्यावर यादीचा क्रम ठरतो, आणि सोर्स उलगडताना त्या दरवेळी एकाच क्रमाने बनतात. म्हणून माझ्या पाचही फेऱ्या सारख्या. पाच काय, पाचशे लावल्या असत्या तरी सारख्याच आल्या असत्या. त्याचं टेम्प ईएक्सटी४ ह्या फाईल सिस्टिमवर होतं. ईएक्सटी४ नावांचा हॅश काढून त्या क्रमाने यादी देतं.

मग दोन्ही बोर्ड तर ईएक्सटी४ वरच होते, त्यांच्यात फरक का? ह्याचं उत्तर बाईंनीच शोधलं. त्या हॅशला एक बी (सीड, म्हणजे सुरुवातीचा आकडा) लागतं, आणि डिस्क फॉरमॅट करताना प्रत्येक फाईल सिस्टिमला ते यादृच्छिक मिळतं. 'ट्यून२एफएस'ला माहिती विचारली की 'डिरेक्टरी हॅश सीड' म्हणून दाखवतं. त्यांनी दोन्ही बोर्डांची बियाणी शेजारी शेजारी चिकटवून पाठवली आणि खाली फक्त एक हसरा चेहरा. दोन जुळे बोर्ड, फॉरमॅट मात्र वेगवेगळं झालेलं, म्हणून त्याच तीन फायलींचा क्रम वेगळा. गिक्सने सगळी दारंखिडक्या लावून घेतल्या होत्या, पण जमीन ज्याची त्याचीच होती.

क्रमाने टेस्ट का पडावी, हे अजून उरलं होतं. टेस्टच्या फोल्डरात तीन फायली, त्यातल्या दोघींचं शीर्षक एकच. टूल शीर्षकांची डिक्शनरी करतं. दुसऱ्यांदा तेच शीर्षक आलं की पहिली नोंद पुसून त्यावर दुसरी बसते. शेवटी वाचली जाणारी फाईल जिंकते, आणि टेस्टची अपेक्षा अशी की अमुकच जिंकावी. लेखकाच्या मशीनवर तीच जिंकत असणार.

हे वाचलं आणि पोटात गोळा आला. टेस्ट नाजूक नव्हतीच. टूल नोंदी गिळत होतं आणि ती टेस्ट, अपघाताने का होईना, ते सांगत होती. मी ज्या फोल्डरावर दीड वर्ष हे टूल चालवत होते त्यात 'प्रस्तावना' शीर्षकाच्या चार फायली आहेत. अनुक्रमणिका उघडली. प्रस्तावना एकच. दीड वर्षात माझ्या ते लक्षात आलं नव्हतं, आणि ती टेस्ट मी बंद करायला निघाले होते.

कारण कळलं तरी ते माझ्या मशीनवर दाखवता यायला हवं होतं, नाहीतर दुरुस्ती लागू पडली की नाही हे दरवेळी दुसऱ्याला विचारावं लागलं असतं. तपासणाऱ्याने 'डिसऑर्डरएफएस' सुचवलं. डेबियन ह्या लिनक्स वितरणात २०१३ पासून रिप्रोड्युसिबल बिल्ड्सचं, म्हणजे कुठेही बांधलं तरी तेच निघावं ह्याचं, जे काम सुरू झालं, त्यातून आलेलं हे हत्यार. एखाद्या फोल्डरावर हे पांघरूण घातलं की फायलींची यादी मुद्दाम पिसून मिळते. नावाला जागणारं.

अडचण अशी की गिक्स फसलेल्या बिल्डचंच फोल्डर जपून ठेवतं, तेही 'कीप-फेल्ड' पर्याय दिला तर. माझं तर फसतच नव्हतं. ह्यावरची युक्ती ऐकून मी मोठ्याने हसले: रेसिपीत टेस्टच्या आधी एक टप्पा घुसवायचा आणि त्यात नुसती एरर फेकायची. बिल्ड बिचारं पडतं, फोल्डर टेम्पमध्ये राहतं, आणि आत 'एन्व्हायर्नमेंट-व्हेरिएबल्स' नावाची फाईल असते. ती शेलमध्ये वाचून घेतली की तुम्ही जवळजवळ त्याच बंद खोलीत उभे. फोल्डरवर डिसऑर्डरएफएस चढवलं, पिसायचा पर्याय दिला, आणि टेस्ट दहा वेळा चालवली. सहा वेळा पडली. माझ्या मशीनवर! इतका आनंद मला टेस्ट पास झाल्याचा कधी झाला नव्हता.

दुरुस्ती सोपी, असं वाटलं. फायलींची यादी क्रम लावणाऱ्या 'सॉर्टेड'मध्ये गुंडाळली. टेस्ट पुन्हा दहा वेळा. सगळ्या पास. पॅच पाठवला. तासाभरात उत्तर: तू फायली क्रमाने लावल्यास, पण फोल्डरांचं काय? खरंच की. 'वॉक' उपफोल्डरांत कोणत्या क्रमाने शिरतं तेही फाईल सिस्टिमच्याच मर्जीवर. ती टेस्ट एकाच फोल्डराची होती म्हणून मला दिसलं नाही. मी लगेच फोल्डरांच्या यादीचीही सॉर्ट केलेली नवी यादी बनवून त्याच नावाला दिली आणि ह्या वेळी उपफोल्डरांची एक टेस्ट स्वतः लिहून चालवली. पडली. अर्धा तास डोकं खाजवल्यावर समजलं की 'वॉक' स्वतःच्या हातातली यादी पाहून पुढे जातं. मी नवी यादी करून त्याच नावाचं लेबल तिच्यावर डकवलं, पण 'वॉक'च्या हातात जुनीच राहिली. यादी जागच्या जागी लावायला हवी, म्हणजे 'डर्स.सॉर्ट()'. पायथन मी सात वर्षं लिहितेय. असो.

हे सगळं झाल्यावर मी विजयी मुद्रेने लिहिलं की आता निकाल सगळीकडे सारखा येतो. बाईंचं उत्तर आलं: "हो, आता चूक सगळीकडे सारखीच होते."

म्हणजे नोंद अजून गिळली जातच होती, फक्त कोणती ते ठरलेलं होतं. ही दुरुस्ती गिक्समध्ये करायची की मूळ लेखकाकडे, ह्यावर थोडी चर्चा झाली. ठरलं असं की क्रमाचा पॅच आम्ही आत्ता लावून ठेवू, कारण त्याशिवाय पॅकेज बांधताच येत नाही. एकाच शीर्षकाच्या दोन नोंदींचं काय करायचं, हा मात्र टूलने कसं वागावं ह्याचा प्रश्न, तो लेखकाचा. पॅकेज करणाऱ्याने परस्पर वागणूक बदलली तर वापरणाऱ्याला एकाच नावाची दोन टूलं भेटतात. हे मला पटलं, जरी माझ्या प्रस्तावना तोवर हरवलेल्याच राहणार होत्या.

लेखकाला मी लिहिलं. त्याचं पहिलं उत्तर काय असेल? त्याच्याकडे टेस्ट पास होत होती. मी खुर्चीत मागे रेलून तो ईमेल दोनदा वाचला आणि वाद घातला नाही. डिसऑर्डरएफएसच्या चार आज्ञा लिहून पाठवल्या, जशाच्या तशा चिकटवल्या की त्याच्याकडेही टेस्ट पडेल अशा. दुसऱ्या दिवशी त्याने दोन्ही दुरुस्त्या स्वीकारल्या, वर एका शीर्षकाखाली अनेक नोंदी ठेवायची सोयही स्वतःच लिहिली. माझ्या कल्पनेपेक्षा चांगली.

गिक्सच्या बाजूला शेवटची एक फेरी उरली होती. पॅचची फाईल मी पॅचेसच्या फोल्डरात ठेवली, रेसिपीत तिचा उल्लेख केला, पण 'लोकल.एमके' फाईलमधल्या पॅचेसच्या यादीत तिचं नाव घालायला विसरले. ही चूक इथे इतके जण करतात की तपासणाऱ्याचं उत्तर एका ओळीचं आलं, बहुधा त्याला तोंडपाठ असावं. दुरुस्त केलं. दुसऱ्या दिवशी पॅच आत गेला. एरवीच्या कमिटच्या संदेशाखाली त्याने बाईंचंही नाव घातलं होतं, कारण शोधल्याबद्दल.

तीन महिन्यांनी लेखकाने पुढची आवृत्ती काढली. आमचा पॅच आता नको झाला होता. मी नवा आकडा घातला, नवा हॅश घातला, रेसिपीतला पॅचचा उल्लेख काढला, फाईल पुसली. टेम्पएफएसवर बिल्ड केलं, मग टेम्पची जागा बदलून ईएक्सटी४ वरही केलं, आणि दोन्ही निकाल पॅचसोबत लिहून पाठवले. संध्याकाळी उत्तर आलं, एका ओळीचं. 'लोकल.एमके'मधलं नाव तसंच राहिलं होतं.